बसण्याचं माप

बसण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. तेहतीस वर्षं मी सीटा शिवते आहे. बसच्या, चित्रपटगृहाच्या, दवाखान्यातल्या बाकांच्या, केस कापणाऱ्याच्या खुर्च्यांच्या. माणूस कुठे टेकतो, कुठे दबतो आणि किती वेळानं कूस बदलतो हे मला त्याच्या तोंडाकडे न बघता सांगता येतं. रेक्झिन आणि फोमवर मी दोन मुलं वाढवली, नवऱ्याच्या आजारपणात घर उभं ठेवलं, आणि त्याच दोन मुलांपैकी थोरल्यानं एका बुधवारी संध्याकाळी मला सांगितलं, की विमानाच्या सीटमध्ये मी मावणार नाही.

मावणार नाही असं तो म्हणाला नाही. शिकलेला आहे तो. तो म्हणाला, "आई, तुझ्या कम्फर्टचा प्रश्न आहे."

प्रश्न माझ्या कम्फर्टचा नव्हताच. प्रश्न धाकटीचा होता. ती समुद्रापलीकडे राहते, आठ वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी तिला पाचवा महिना होता आणि ते राहिलं नाही. तेव्हा माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता, जावई कामासाठी दुसऱ्या शहरात होता, आणि माझी पोर दवाखान्यातून टॅक्सीत बसून एकटी घरी आली, स्वतः कुलूप उघडून आत गेली. हे तिनं मला चार महिन्यांनी सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. आता पुन्हा दिवस गेले होते. सातवा संपत आला होता आणि डॉक्टरनं तिला अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं. दहा वर्षांची असल्यापासून जिनं माझ्याकडे काही मागितलं नाही, त्या पोरीनं आपणहून फोन करून म्हटलं होतं, "आई, तू ये."

मी त्याच दिवशी बॅग खाली काढली. आणि थोरल्यानं फोन काढला.

त्यानं तीन विमान कंपन्या शोधल्या होत्या. मी त्यांना माझ्या सोयीनं नावं ठेवली. पहिली थेट. इथे बसायचं, सोळा तासांनी तिथे उतरायचं. विमान नवंकोरं, समोर मोठा पडदा, पण एका रांगेत दहा माणसं कोंबलेली. दुसरी घाईची. मध्ये एका अवाढव्य विमानतळावर विमान बदलायचं, आणि त्यासाठी हातात सव्वा तास. तिसरी म्हातारी. तिची विमानं जुनी, पडदे चालले तर चालले, मध्ये पाच तासांचा मुक्काम, सगळं मिळून सव्वीस तास. पण रांगेत माणसं आठच.

"थेटच्या सीटा सतरा इंचांच्या आहेत," थोरला म्हणाला. "घाईच्या विमानात तुला धावायला लागेल, ते गुडघ्याला झेपणार नाही. आणि तिसरीची लोकांनी लिहिलेली परीक्षणं वाचशील तर घरातून बाहेर पडणार नाहीस."

"मग?"

"मग मी असा विचार केला, की विहीणबाईंना पाठवू."

विहीणबाई म्हणजे धाकटीच्या सासूबाई. बाई चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. शिडशिडीत आहेत. दोन बॅगांच्या मध्ये ठेवल्या तरी प्रवास होईल त्यांचा. थोरल्यानं त्यांना विचारूनही ठेवलं होतं आणि धाकटीलाही कळवलं होतं. सोमवारी त्यांचं तिकीट काढायचं होतं.

"धाकटी काय म्हणाली?"

"चालेल म्हणाली."

धाकटी लहानपणापासून, ज्या ज्या गोष्टीला नाही म्हणावंसं वाटतं त्या त्या गोष्टीला चालेल म्हणते. हे थोरल्याला तीस वर्षांत कळलेलं नाही. मी त्याला इतकंच म्हटलं, "सोमवारपर्यंत कुणाचंही तिकीट काढायचं नाही." तो मान हलवून गेला. मान हलवायची त्याची पद्धत मी ओळखते. ती होकाराची नव्हती.

गुरुवारी सकाळी माझ्या सीटांच्या कारखान्यात जाण्याआधी मी तिकीटवाल्याकडे गेले. काचेच्या दाराचं दुकान, भिंतीवर निळ्या समुद्राची चित्रं, आणि गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या खुर्च्या इतक्या वाईट शिवलेल्या, की बसल्या बसल्या माझा हात शिवणीवर गेला. तिकीटवाला तिशीचा, नम्र माणूस. मी तिन्ही कंपन्यांची नावं सांगितली आणि विचारलं, सीटची रुंदी किती.

"सतरा, साडेसतरा आणि अठरा, काकू."

"आतून का बाहेरून?"

"म्हणजे?"

"खुर्चीच्या हातांच्या आतून मोजलेली, का एका हाताच्या मध्यापासून दुसऱ्या हाताच्या मध्यापर्यंत?"

तो बघतच राहिला. एवढी वर्षं तिकिटं विकतोय, आणि लोकांना ज्यात सोळा तास बसवतोय ते कुठून मोजतात हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. गेल्या वर्षी एका कॉफीच्या दुकानवाल्यानं शोभेसाठी भंगारातून विमानाच्या सीटांची एक अख्खी रांग आणली होती, आणि ती नव्यानं शिवायला माझ्याकडे दिली होती. मी ती पार सांगाड्यापर्यंत उघडली होती. कुठे फोम चोरलाय, कुठे पत्रा वळवलाय, सगळं बघितलं होतं. कॅटलॉगमध्ये छापलेल्या आकड्यावर आमच्या धंद्यात कुणी विश्वास ठेवत नाही.

बिचाऱ्यानं तीन ठिकाणी फोन लावले. पाऊण तास गेला. थेटवाल्यांनी सांगितलं, आतून. घाईवाल्यांनी सांगितलं, वेबसाइट बघा. म्हातारीच्या ऑफिसातली बाई मात्र फोन ठेवून कुठे तरी गेली, परत आली आणि म्हणाली, आमची जुनी विमानं आहेत, आतून अठरा भरतं, आणि खिडकीकडच्या बाजूला दोनच सीटा असतात. मला ती बाई आवडली.

तिकीटवाल्यालाही आता हुरूप आला. "काकू, तुम्हाला सगळ्यांत पुढची रांग देतो. पाय पसरायला भरपूर जागा. लोक भांडतात त्या रांगेसाठी."

"भांडू देत. मला नको."

"का?"

"पुढे दुसरी खुर्ची नसते, मग जेवणाचा ट्रे कुठून निघतो?"

त्यानं विचार केला. "हातातून."

"म्हणजे हात जाड झाला. आतून इंचभर जागा गेली. शिवाय तो हात वर उचलता येत नाही. मला मधल्या एखाद्या रांगेतली द्या, डाव्या बाजूच्या दोन सीटांमधली, वाटेकडची. माझा उजवा गुडघा पुरता वाकत नाही. वाट उजव्या हाताला आली, की पाय बाहेर काढता येतो."

तो लिहून घेत होता. निघताना म्हणाला, "काकू, तुमच्या मुलाचा ईमेल आलाय मला. त्यात वेगळंच लिहिलंय."

काय लिहिलंय हे त्यानं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पण सबंध दिवस माझ्या अंगाचा तिळपापड होत राहिला. एका बसच्या बावीस पाठींची कव्हरं त्या दिवशी शिवायची होती. ती इतक्या तावातावानं शिवली, की दोन सुया मोडल्या.

शुक्रवारी मी कारखान्यात कोपऱ्यातला जुना बाक ओढून मध्ये घेतला आणि त्याच्यावर प्लायच्या उभ्या फळ्या ठोकून दोन खुर्च्या केल्या. एक आतून सतरा, एक आतून अठरा. समोर एकतीस इंचांवर आडवी फळी लावली, ती पुढच्या माणसाची पाठ. सतरामध्ये बसले आणि पायपिंगचं, म्हणजे गादीच्या कडेला बसवायच्या गोल किनारीचं, काम मांडीवर घेतलं. खोटं कशाला सांगू, पहिला तास बरा गेला. दुसऱ्या तासाला मांड्यांना फळ्या लागायला लागल्या. तिसऱ्या तासाला उजवा पाय मुंग्यांनी भरला आणि गुडघा ठणकायला लागला. साडेतीन तासांनी मी उठले, तेव्हा भिंत धरून उठले. थेटवर मी फुली मारली. सव्वा तासात विमान बदलणारीवर आधीच मारली होती, कारण धावून दाखवायची हौस मला नाही.

शनिवारी अठरामध्ये बसले. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत. तासातासाला उठले, कारखान्यात दोन फेऱ्या मारल्या, पाणी प्यायले, परत बसले. घट्ट होतं. अंगरखा नवीन असताना होतो तसं घट्ट. पण पाय बाहेर निघत होता आणि सहा तासांनी मी भिंत न धरता उठले. त्या दिवशी पायपिंगचं सगळं काम उरकलं हा वरचा फायदा.

मग मी थोरल्याला फोन केला. "उद्या सकाळी सूनबाईला घेऊन कारखान्यात ये."

"घरी येतो ना."

"घरी नाही. कारखान्यात."

कारखान्यात तो फारसा येत नाही. कॉलेजात गेल्यापासून त्याला इथल्या गोंदाच्या वासानं डोकं दुखतं. रविवारी दहाच्या सुमाराला दोघं आली. तो दारातच थांबला आणि मध्यभागी ठोकलेल्या त्या दोन खुर्च्यांकडे बघत राहिला. सूनबाई सरळ आत आली, अठरामध्ये बसली आणि म्हणाली, "आई, हे तुम्ही केलंत?"

"मी काल सहा तास बसले यात. म्हातारीनं जाणार आहे. आजच तिकीट काढायचं."

थोरल्यानं कपाळाला हात लावला. "आई, मला हे बोलायचं नव्हतं. पण तू ऐकतच नाहीस. अठरात तू बसूच शकत नाहीस. तुझं माप एकवीस आहे."

"कुणी सांगितलं?"

"तूच लिहिलंयस." त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे काळ्या फळीवर चालू कामांची मापं खडूनं लिहिलेली असतात. सगळ्यांत खाली माझ्या स्वतःच्या खुर्चीचं माप होतं, मागच्या महिन्यात तिची गादी नवी केली तेव्हाचं. मी, आणि पुढे एकवीस. "मी त्या दिवशी चावी द्यायला आलो होतो तेव्हा बघितलं. तिकीटवाल्यालाही तेच कळवलं. तो म्हणाला, एकवीस असेल तर दोन सीटा घ्याव्या लागतील, नाही तर ऐनवेळी उतरवतात. धाकटीलाही सांगितलं मी. काय करू मग?"

म्हणजे माझं एकवीस समुद्रापलीकडे पोचलं होतं.

मला आधी हसू आलं. मग राग आला. "तेहतीस वर्षं," मी म्हटलं, "या फळीवरच्या आकड्यांवर तू जेवलास. शाळेत गेलास, कॉलेजात गेलास, त्या ऑफिसात जाऊन बसलास. आणि तुला एवढं माहीत नाही, की या फळीवर कापाचं माप असतं? कापड कापायचं माप. दोन्ही बाजूंनी दुमडून, शिवून, खाली ठोकून झालं, की अडीच-तीन इंच आत जातात. तयार माप आम्ही कधीच लिहीत नाही. दारावरून जाणाऱ्या माणसालाही हे माहीत असतं. आणि ते माझंसुद्धा नाही, खुर्चीचं आहे."

सूनबाई फळीकडे बघत होती, मग नवऱ्याकडे. तिच्या तोंडाचे कोपरे हलायला लागले होते.

"मला विचारायचं होतंस," मी म्हटलं. "टेप माझ्या गळ्यात लटकलेली असते. दिवसभर असते."

"आई, असं कसं विचारणार?"

"दुसऱ्या बाईला पाठवायला निघालास ते जमलं, आणि विचारायला जमलं नाही."

मी त्या बाकावर बसले. दोन्ही बाजूंना मोकळ्या फळ्या लावल्या, अंगाला टेकेपर्यंत सरकवल्या आणि सूनबाईच्या हातात टेप दिली. बसलेल्या माणसाला असंच मोजतात. तिनं वाकून बघितलं. "सव्वाअठरा."

"पाव इंच जास्त," मी म्हटलं. "पाव इंच मी श्वास रोखून सांभाळीन. आता तू बस."

"मी कशाला?" थोरला म्हणाला.

"बसा हो," सूनबाई म्हणाली. "आलोच आहोत."

तो बसला. तिनं फळ्या सरकवल्या, टेप लावली, मग खात्री करायला परत लावली. "साडेएकोणीस," ती म्हणाली. आणि मग तिला आवरेना. तोंडावर ओढणी धरून ती खिडकीकडे गेली.

मी नाही हसले. मी त्याला विचारलं, "ऑफिसच्या कामाला तू वर्षातून दोनदा कोणत्या विमानानं जातोस?"

"थेटनं."

"त्या सतरात?"

"हो."

"तुला कधी कुणी म्हणालं, तुझ्या कम्फर्टचा प्रश्न आहे, तुझ्याऐवजी बारीक माणूस पाठवू? घरात मीटिंग भरली? तुझं माप कुणी तिकीटवाल्याला कळवलं?"

"ते वेगळं आहे, आई. ते कामासाठी असतं."

"आणि माझं?"

खिडकीशी सूनबाईचं हसणं थांबलं. थोरला फळ्यांमध्ये तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "मला पट्टा पुरत नाही गं. विमानातला. जोडपट्टा मागावा लागतो. दर वेळी. मी सगळ्यांच्या आधी चढतो, म्हणजे कुणी बघायच्या आत मागून घेता येतो. शेजारचा माणूस येतो, माझ्याकडे बघतो, मग सीटकडे बघतो. सोळा तास मी हात छातीशी घेऊन बसतो. तुझ्याकडे कुणी तसं बघावं असं मला नको होतं. बास."

हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सूनबाईलाही नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं. माझा राग एकदम ओसरला असं नाही, पण त्याच्याखाली दुसरं काही तरी दुखलं. एवढा मोठा बाप्या, हात छातीशी घेऊन बसतो. माझं पोर आहे ते.

"मागताना मान खाली घालतोस?" मी विचारलं.

"घालतो."

"का? सीट कुणी लहान केली, तू? मी त्या सीटचा सांगाडा उघडून बघितलाय. तिथे माणसाला मोजून खुर्ची केलेली नाही, रांगेत किती बसतील ते मोजून केलीय. मी अशी गादी करून दिली असती, तर गिऱ्हाइकानं माझ्या तोंडावर फेकली असती. लाज त्यांना वाटायला हवी. पट्टा मागायचा तर मोठ्यानं मागायचा, आणि शेजारी बघायला लागला, की आपणही बघायचं. त्याच्या डोळ्यांत."

"तुला जमेल ते," तो म्हणाला.

"मला जमेलच. तूही शीक."

तो उठला. फळ्या बाजूला केल्या आणि खिशातून फोन काढून सूनबाईकडे दिला. "कर बुक. म्हातारीच." सूनबाई माझ्या शिवणयंत्राच्या स्टुलावर बसून अर्ज भरायला लागली. जन्मतारीख, पासपोर्ट, डाव्या बाजूची वाटेकडची सीट. एका ठिकाणी ती थांबली. "चाकाची खुर्ची हवी का, विचारतात."

थोरल्यानं तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

"घे," मी म्हटलं. दोघंही चकित झाली. "बघता काय? मोठा विमानतळ आहे, माझ्या गुडघ्यात पोलाद बसवलंय, आणि खुर्ची ढकलायला माणूस देतायत. मी काही सिद्ध करायला चालले नाहीये. मी पोरीकडे चालले आहे."

तिकीट झालं. अकरा तारखेचं. विहीणबाईंना मी स्वतः फोन केला. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तो मला इकडे ऐकू आला. त्यांना विमानाची भीती वाटते. हेही कुणी विचारलं नव्हतं.

मग मी धाकटीला फोन लावला. तिकडे मध्यरात्र असणार होती, पण अंथरुणावर पडून असलेल्या बाईला झोप कुठली. पहिल्या घंटीलाच उचलला. मी म्हटलं, "अकराला निघतेय. बाराला पोचते. तिकीट काढलं."

मला वाटलं फोन तुटला.

"ऐकलंस का?"

"दादा म्हणाला तुला झेपणार नाही," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, मागच्या वेळेसारखंच झालं."

थोरला माझ्यासमोर उभा होता. त्यालाही ते ऐकू गेलं.

"मागच्या वेळी यायला हवं होतं मी," मी म्हटलं. "गुडघा होता तसाच घेऊन यायला हवं होतं. डॉक्टरनं नको म्हटलं, तुझ्या बापाच्या फोटोनंसुद्धा नको म्हटलं, सगळ्यांनी नको म्हटलं, आणि मी ऐकलं. ते माझं चुकलं. या वेळी मी कुणाचं ऐकत नाहीये. तूही चालेल म्हणू नकोस कुणाला. नको असेल तर नको म्हण."

ती रडत होती. मी रडू दिलं. थोडी शांत झाल्यावर म्हणाली, "सीटा फार लहान असतात गं आई. सव्वीस तास. तुला त्रास होईल."

"होईल. सोळा इंचांची असती तरी आले असते. तू ते सोड. पोट कसं आहे?"

"रात्रभर लाथा मारतंय. इकडून तिकडून नुसतं ढकलतंय. डॉक्टर म्हणते, मूल मोठं आहे, आत जागा पुरत नाहीये त्याला."

"मारू दे लाथा," मी म्हटलं. "आपल्या घरातलं आहे. जागा मागणारच."